काकांच्या फोनमधली सून

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना होता, आणि धुलाईखान्याच्या पार टोकाला, वाफेचे पाइप जिथे भिंतीत शिरतात तिथे, टाकेकाकांचं शिवणयंत्र होतं. वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि खाली आमचे काका चादरींना, हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर कुणी हसत नसे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

काम साधं होतं. फाटलेल्या चादरी, उसवलेले उशांचे अभ्रे, पेशंटच्या गाउनचे तुटलेले बंद. बंदच सगळ्यात जास्त तुटायचे. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते ओढत बसतो, असं काकांचं मत होतं. पण ते कुणी विचारलं तर सांगायचं, आणि कुणी विचारत नसे.

काका मुळात कमी बोलणारे. बायको होती तोवर घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली, मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, तिकडेच त्याचा संसार सुरू झाला, आणि काकांच्या दोन खोल्यांत आवाज राहिला तो नळाचा आणि फ्रीजचा. मुलगा वाईट नव्हता. आठवणीने फोन करायचा.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"जेवलात?"

"जेवलो. तुम्ही?"

"हो."

यापुढे दोघांनाही काही सुचत नसे. दोरा संपला तरी सुई खालीवर होत राहते, तसे दोघं थोडा वेळ फोन धरून बसायचे आणि मग ठेवायचे.

कादंबऱ्यांचा नाद खरा बायकोचा. ती उशाशी जाडजूड पुस्तक घेऊन झोपायची आणि सकाळी चहा करता करता त्यातल्या माणसांची उणीदुणी काढायची, जणू ती शेजारीच राहतात. काका नुसते हं हं करत. ती गेल्यावर त्यांना त्या शेजाऱ्यांची फार आठवण यायला लागली. मग मुलाने दिलेल्या फोनवर ते कादंबऱ्या वाचायला लागले. फोनवर वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघण्यासारखं. अक्षर दिसेल एवढं मोठं केलं की एका ओळीत चारच शब्द मावायचे. नायिका दार उघडते न उघडते तोच वीज कंपनीचा निरोप वरून टपकायचा आणि तिचं तोंड झाकून टाकायचा. पण फोन खिशात मावायचा, आणि चहाच्या सुट्टीत वाचता यायचं.

चहाच्या सुट्टीत घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती सगळे बसत. रोलरवर इस्त्री करणाऱ्या मावशी असत. त्या अंगाने भरदार आणि वाफेच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज शिट्टीसारखा झालेला. ढकलगाडीवर कपडे आणणारा 'इंजिन' असे. वळणावर तो तोंडाने भोंगा वाजवायचा म्हणून इंजिन. आणि एका कडेला मोठ्या बाई, म्हणजे खात्याच्या इनचार्ज. सगळ्यांच्या हातात फोन. कुणाला बहिणीचा निरोप, कुणाला नवऱ्याची शिवी, कुणाला पोराचा फोटो. हातात फोन असला की माणूस एकटा दिसत नाही. काकाही दिसत नसत.

एक दिवस काका फोनकडे बघून खुदकन हसले. ही गोष्ट इतकी नवी होती की इंजिनने कप खाली ठेवला.

"काय काका," मावशी म्हणाल्या, "सुनेनं काही पाठवलं वाटतं?"

आता खरं सांगायचं तर 'नाही, कादंबरी वाचतोय' एवढंच म्हणायचं होतं. पण एवढी पाच-सहा माणसं एकदम आपल्याकडे बघतायत, आणि तीही हसऱ्या तोंडाने, याची काकांना सवय नव्हती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो."

"काय म्हणते?"

काका घाबरले. समोर पान उघडं होतं. "तिनं... तिनं खोलीला रंग दिला. स्वतःच. पिवळा. आणि शिडीवरून उतरताना डबा अंगावर सांडून घेतला."

"अग्गंबाई! मग?"

"मग काय. पिवळी झाली."

टेबल हसलं. त्या दिवशी मावशींनी काकांच्या कपात आपल्या किटलीतला थोडा चहा ओतला.

खोटं बोलण्याची ताकद काकांत नव्हती. त्यांना रचता काही यायचं नाही. पण वाचलेलं सांगता यायचं, आणि कादंबरी लांबलचक होती. बेकरीच्या वरच्या खोलीत राहणारं एक जोडपं. नवरा होड्या दुरुस्त करणारा, बायको अशी की वाऱ्याशीही भांडेल. काकांनी नवऱ्याला गाळलं, समुद्र गाळला. उरली ती सून. तिने फुटक्या बादलीत लिंबाचं झाड लावलं. घरमालकीण म्हणाली, गच्चीवर माती नको. सून म्हणाली, माती बादलीत आहे, बादली गच्चीवर आहे, मातीचा आणि गच्चीचा संबंध काय? यावर मावशी टेबलावर हात आपटून हसल्या. "अस्सं पाहिजे! माझ्या सुनेला दाखवा जरा तुमची सून. आमची म्हणजे तोंडात मिठाची गुळणी."

हळूहळू चहाची सुट्टी काकांची झाली. "सूनबाईचं काय आज?" असं इंजिन गाडी थांबायच्या आधीच ओरडायचा. मोठ्या बाईसुद्धा कागद बाजूला ठेवायच्या. त्या सुनेचं गाणं बेसूर आहे, तिला मांजरांची भीती वाटते, घरमालकिणीला ती मागून 'कैदाशीण' म्हणते, हे सगळं साऱ्या धुलाईखान्याला पाठ होतं. आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रोज काहीतरी विचारत होतं.

मग डोळे कुरकुरायला लागले. सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसायच्या, संध्याकाळी कपाळ ठणकायचं. काकांनी मुलाला फोनवर हे सांगितलं, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. काही दिवसांनी एक खोकं आलं. आत पुस्तकं वाचायचं वेगळं यंत्र, लहान मुलाच्या पाटीएवढं. सोबत मुलाचा निरोप: 'बाबा, फोनवर वाचू नका. यावर वाचा. तुमची पुस्तकं आपोआप यात येतील.' काका ते खोकं बराच वेळ हातात घेऊन बसले. खोक्यावरचा पत्ता मुलाच्या हातचा नव्हता, छापलेला होता, तरी त्यांनी तो दोनदा वाचला.

यंत्र मोठं गुणी निघालं. कागदासारखं करडं, डोळ्यांत न घुसणारं. अख्खं पान एका वेळी दिसायचं. पान उलटलं की क्षणभर काळोखायचं, पापणी मिटल्यासारखं, आणि पुढचं पान यायचं. कुणाचा फोन नाही, वीज कंपनी नाही, काही नाही. काकांना वाटलं, इतक्या दिवसांनी आपण त्या खोलीच्या आत जाऊन बसलो. पिवळा रंग किती पिवळा ते आत्ता कळलं.

पण ते कामावर न्यायची सोय नव्हती. त्या पाटीवर कुणाचा निरोप येऊ शकत नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ती हातात घेऊन बसलेला माणूस म्हणजे नुसता वाचणारा माणूस. तेव्हा घरी पाटी आणि कामावर फोन, असं ठरलं. दोन्हीकडे पुस्तक एकच. घरी जितकं पुढे जाल तितकं फोनला कळायचं, आणि चहाच्या वेळी तो विचारायचा: 'तुम्ही दुसऱ्या यंत्रावर पुढे वाचलं आहे. तिथे जायचं?' काका 'हो' दाबायचे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवणाचं ताट तसंच असताना, ती सून तापाने गेली. फार काही वाजलं-गाजलं नाही. एका पानावर तिला थंडी वाजली, तिसऱ्या पानावर ती नव्हती. काकांनी मागे जाऊन पुन्हा वाचलं. काही निसटलं असेल. निसटलं नव्हतं. पानाच्या तळाशी बारीक आकड्यांत लिहिलं होतं की पुस्तक निम्म्याहून थोडंच पुढे आलं आहे. म्हणजे एवढं पुस्तक अजून उरलं होतं, आणि ते तिच्याशिवाय काढायचं होतं. बायको गेली तेव्हाही असंच झालं होतं. फक्त किती उरलं ते खाली लिहून येत नव्हतं.

काकांनी पान उलटलं नाही. ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चहाला फोन उघडला तर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. तिथे जायचं? काकांचा अंगठा थांबला. मग त्यांनी 'नाही' दाबलं. आणि काय चमत्कार, फोनमध्ये ती जिवंत होती! ती गच्चीवर बादली फिरवत होती, उन्हाप्रमाणे. घरी मेलेली, इथे जिवंत. काकांना बरं वाटलं. इतकं बरं की त्याची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी बादलीची गोष्ट सांगितली.

"हे मागे सांगितलं होतं की," इंजिन म्हणाला.

"पुन्हा फिरवली," काका म्हणाले.

असे काही दिवस गेले. रोज फोन विचारायचा, रोज काका 'नाही' म्हणायचे, आणि तिला मागच्या पानांत आणखी मागे न्यायचे. मावशींना तेवढंच हवं असायचं. "कळी आली का हो लिंबाला?" "येईल." "पाणी जास्त घालू नको म्हणावं, मुळं कुजतात." "सांगतो."

त्या दिवशी सकाळपासून काकांनी बरेच गाउन शिवले होते, बोटं ताठली होती. चहा आला. फोनने विचारलं. मावशी त्याच वेळी म्हणाल्या, "काका, बिस्कीट?" आणि काकांनी मान वर करून "हो" म्हटलं, आणि अंगठ्यानेही तेच म्हटलं.

खाली बघितलं तर समोर ते पान होतं.

घरी त्या दुपारी काका रडले नव्हते. घरी कुणासमोर रडणार? इथे टेबलाभोवती तिची सगळी माणसं बसली होती. काकांच्या घशातून कापड टरकावं तसा आवाज आला.

"काका? अहो काका! काय झालं? सूनबाई बरी आहे ना?"

"गेली," काका म्हणाले.

पुढचं सगळं इतक्या झपाट्याने झालं की काकांना एकही शब्द मध्ये घालता आला नाही. एरवीही त्यांना तो घालता येत नसे. मावशींनी हंबरडा फोडला. मोठ्या बाईंनी उठून रोलर बंद केला, जो आग लागल्याशिवाय बंद करायचा नाही असा त्यांचाच नियम होता. इंजिन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "पोराशी बोललात का? तो बिचारा एकटा असेल!" असं म्हणत मावशींनी काकांच्या हातातला फोन ओढून घेतला. नंबर शोधावा लागला नाही. काकांच्या फोनमध्ये नंबर होतेच किती? त्यांनी 'मुलगा' दाबलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

"हॅलो, बाबा?" एका बाईचा आवाज आला. "हे गाडी चालवतायत. बोला ना."

मावशींचे अश्रू गालावर थांबले. "पोरी... तू कोण?"

"मी त्यांची सून. तुम्ही कोण? बाबा बरे आहेत ना?"

मावशी किंचाळल्या आणि त्यांनी फोन टाकला. तो ओल्या चादरींच्या गाडीत पडला म्हणून वाचला. इंजिनने तो उचलून कसाबसा काकांच्या कानाला लावला. "मी बरा आहे," काका म्हणाले. "चुकून लागला." "मागे कोण ओरडलं?" "यंत्र आहे." "बरं. मग ठेवू?" "ठेव."

कॉल संपला आणि पडद्यावर परत ते पान आलं. इंजिनने ते बघितलं. तो आधी मनात वाचत होता, मग मोठ्याने वाचायला लागला. "'तिच्या खोलीच्या पिवळ्या भिंती संध्याकाळी...' अहो, हे तर पुस्तक आहे!"

मोठ्या बाई म्हणाल्या, "चला, चादरी वर जायच्या आहेत," आणि रोलर पुन्हा सुरू झाला.

कुणी हसलं असतं, टोमणा मारला असता, तर बरं झालं असतं. पण ती माणसं सभ्य होती. ती काकांशी सभ्यपणे वागायला लागली. "हे गाउन ठेवू का इथे?" "चहा घेणार का?" अनोळखी माणसाला विचारावं तसं. इंजिन काकांच्या वळणावर भोंगा वाजवेनासा झाला. मावशी तर पाठ करूनच बसायच्या. काकांना माफी मागायची होती, पण कुणाची आणि कशाची, हे वाक्य त्यांना जमेना. घरी आरशासमोर जमायचं. तळघराच्या पायऱ्या उतरताना उसवून जायचं.

मग एक दिवस त्यांनी पाटीच आणली. आता लपवायचं काय राहिलं होतं? टेबलाच्या टोकाला बसून त्यांनी ती उघडली. ते त्याच पानावर होते. पुढे जायचं धाडस अजून झालं नव्हतं. थोडा वेळ हात लावला नाही की पाटी आपोआप झोपायची, मग काका तिला उठवायचे, पुन्हा तेच पान. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फोन वाजत होते, कुणी कुणाला फोटो दाखवत होतं. पाटीवर काहीच वाजत नव्हतं. डोळ्यांना मात्र आराम होता, हे कबूल करायला हवं.

काही दिवसांनी मावशी एक गाउन घेऊन त्यांच्या यंत्रापाशी आल्या. तुटलेला बंद समोर धरला. "हा."

"ठेवा."

गाउन ठेवला, मावशी गेल्या नाहीत. "मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. नवरा म्हणतो, काय झालं? काय सांगू त्याला? एक छापील बाई मेली म्हणून?"

"चुकलं माझं."

"ते तर चुकलंच. माणसानं खोटं बोलावं, पण इतकी चांगली सून करून ठेवू नये." त्यांनी पदराने तोंडावरची वाफ पुसली. "लिंबाचं काय झालं?"

"अं?"

"झाड! झाडाचं काय झालं? तेही मेलं?"

"पुढे वाचलं नाही मी."

"का?"

मावशी स्टूल ओढून बसल्या. "मला वाचायला सांगू नका, दोन ओळींत झोप लागते. तुम्ही वाचा. मी बंद शिवते तोवर."

"तुम्हाला शिवता येतं?"

"वाकडंतिकडं येतं. पेशंटला काय, तो आधीच आडवा असतो."

काकांनी पाटी उघडली. पान उलटलं, ते काळोखलं आणि परत उजळलं. काका रोलरच्या आवाजावर आवाज चढवून वाचू लागले, आणि मोठ्याने वाचायची सवय नसल्यामुळे दर ओळीला अडखळत होते. खोली रिकामी झाली. नवरा होड्यांकडे गेला तो तिकडेच राहिला. बादली गच्चीवर तशीच होती. मग एका सकाळी घरमालकीण धापा टाकत जिना चढून आली, बादलीकडे बघून काहीबाही बडबडली, आणि खाली जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली.

"ती कैदाशीण?" मावशींची सुई थांबली.

"हो."

"बघा," मावशी म्हणाल्या. मग दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, "आणि खरी? तिच्या घराला रंग कोणता आहे?"

"माहीत नाही."

"झाडबिड?"

"माहीत नाही."

"गाणं म्हणते?"

काका सुईत दोरा ओवायला लागले.

"अहो, मग माहीत आहे काय तुम्हाला?"

काकांनी विचार केला. लग्नानंतर ती दोन दिवस येऊन राहिली होती. "चहा बिनसाखरेचा घेते," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

मावशींनी गाउन त्यांच्या पुढ्यात ठेवला. टाके खरंच वाकडे होते. "रंग विचारून ठेवा," त्या म्हणाल्या आणि रोलरकडे गेल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी पाटी टेबलावर ठेवली आणि फोन घेतला. फोनवर आता वाचायचं काही नव्हतं. पुस्तक त्यांनी काढून टाकलं होतं. उरला होता नुसता फोन. त्यांनी मुलाचा नंबर लावला. मुलाने उचलला. बरे आहात ना, बरा आहे, जेवलात, जेवणार आता. मग नेहमीची ती जागा आली, दोरा संपल्याची.

"तिला दे जरा," काका म्हणाले.

"तिला?" पलीकडे हात फोनवर ठेवल्याचा आवाज, कुजबुज. मग ती आली. "हां बाबा. काय झालं? परत चुकून लागला का?"

"नाही. मुद्दाम लावला." काकांनी भिंतीकडे बघितलं. "तुमच्या घराच्या भिंतींना रंग कोणता आहे?"

"रंग?" ती थांबली. "पांढरा. भाड्याचं घर आहे ना, मालक दुसरा लावू देत नाही. का हो?"

"काही नाही. सहज."

"बाबा, त्या दिवशी मागे त्या कोण बाई होत्या? यंत्र नव्हतं ते. रडत होतं कुणीतरी."

"आमच्या मावशी. त्यांच्या... आमच्या ओळखीची एक मुलगी गेली होती."

"अरेरे. लहान होती?"

"तुझ्याच वयाची."

पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं. काकांना वाटलं आता ती ठेवते म्हणेल, आणि ती तेच म्हणाली, "ठेवू का बाबा? गॅसवर दूध आहे." पण लगेच म्हणाली नाही, मध्ये एक श्वास गेला.

"ठेव," काका म्हणाले.

फोन काळा झाला. फ्रीज गुरगुरत होता. काकांनी पाटी उघडली नाही, दिवाही लावला नाही. चहा बिनसाखरेचा, भिंती पांढऱ्या. दोन गोष्टी झाल्या. उद्या मावशींनी विचारलं तर सांगता येईल. पांढऱ्या म्हटल्यावर त्या तोंड वाकडं करतील, म्हणतील, हे काय, त्यात सांगण्यासारखं काय आहे? खरंच काही नव्हतं. तरी काका ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून बघत होते, उद्या अडखळू नये म्हणून.